लेबियाप्लास्टी कोणी केली आहे का? आधी काय माहीत असावं? (पुणे)

कोथरूडची_कैरी | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, विषय जरा अवघड आहे म्हणून नवीन आयडी काढून लिहितेय, जुन्या आयडीने मला इथे पाककृती विभागात सगळे ओळखतात. पुरुषांनी वाचलं तरी हरकत नाही, पांचटपणा मात्र नको.

वय ३४, एक मुलगा, सिझेरियन. दोन वर्षांपासून सायकलने ऑफिसला जाते, कोथरूड ते बाणेर, आणि रविवारी जरा लांब, पानशेत वगैरे. माझे आतले ओठ (खालचे म्हणतेय) बाहेरच्यांपेक्षा लांब आहेत, एक बाजू जास्तच, हे कॉलेजपासून माहितीये आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. गेलं वर्षभर मात्र लांब राइड झाली की तिथे साल निघाल्यासारखं होतं, शू करताना चरचरतं, जीन्स टोचते, मग दोन दिवस गाऊन घालून घरात.

त्यात परवा पार्लरमध्ये वॅक्सिंग करताना तिथली मुलगी पट्टी ओढता ओढता म्हणाली, "मॅडम, आजकाल याचंपण करून मिळतं." याचं म्हणजे कशाचं हे कळायलाच मला अर्धा मिनिट लागला. घरी येऊन सर्च केलं, तर लेबियाप्लास्टी, म्हणजे हे आतले ओठ कापून लहान करायचं ऑपरेशन, आणि तेव्हापासून फोन नुसता त्याच जाहिराती दाखवतोय. मग एका क्लिनिकमध्ये जाऊनपण आले (नाव नको). डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सेलर म्हणून एक चुणचुणीत मुलगी होती, तिने टॅबवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले, लेझरने करतो, काही त्रास नाही, लंच ब्रेकमध्ये होतं, आणि पाडव्याच्या आत बुक केलं तर वीस टक्के सूट. साडेतीन मुहूर्तांपैकी एक मुहूर्त यासाठी! तपासलं कोणीच नाही. पंधरा मिनिटांत फ्रिज बुक करून आल्यासारखी मी बाहेर.

नवऱ्याला काही प्रॉब्लेम नाही, त्याचं म्हणणं एवढंच की सायकल सोड. तर मला विचारायचंय की माझं हे मेडिकलमध्ये मोडतं का कॉस्मेटिकमध्ये, जायचं कोणाकडे, किती दिवस जातात, आणि घरी सासरे असताना हे निभवायचं कसं. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लिहा, विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) लिहिलंत तरी चालेल.

चिंचगुळाची_आमटी | रविवार, रात्री ११.५२

वाचतेय. मलाही सेम प्रश्न होता, कधी कोणाला विचारला नाही.

सदाशिवपेठी | सोमवार, सकाळी ७.१५

(प्रतिसाद अप्रकाशित केला आहे. पांचटपणा नको असं धाग्यातच लिहिलंय, वाचत जा. - संपादक)

टाकेवाली | सोमवार, दुपारी ३.२०

ओपीडी संपवून डबा खाता खाता लिहितेय त्यामुळे तुटक होईल. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे कोणाचं निदान करणार नाही आणि औषधही लिहून देणार नाही, पण कैरी, तुला तपासल्याशिवाय ज्यांनी पॅकेज सांगितलं त्यांच्याकडे परत जाऊ नकोस एवढं पहिल्यांदा सांगते.

आधी नावं नीट घेऊ. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणी सगळ्यालाच "शूची जागा" म्हणतात, आणि ज्या जरा वाचलेल्या असतात त्या सगळ्यालाच योनी म्हणतात. योनी म्हणजे फक्त आतला मार्ग. बाहेरून जे दिसतं ते सगळं मिळून भग, वल्वा. त्यात बाहेरचे जाडसर, केस असलेले ते बृहद्भगोष्ठ, आणि आतले पातळ, बिनकेसांचे ते लघुभगोष्ठ, लेबिया मायनोरा. ऑपरेशन बहुतेक वेळा या आतल्यांचं असतं. त्यांच्यात चरबी जवळजवळ नसते पण नसा आणि रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे साधी चीर पडली तरी एवढं झोंबतं. ते उगाच लटकलेलं कातडं नाही, लघवीचं आणि योनीचं तोंड झाकून ठेवणं, ओलावा टिकवणं ही कामं त्यांची आहेत.

आता लांबी. लंडनमध्ये ५० बायकांची मोजमापं घेऊन २००५ साली एक अभ्यास छापला गेला, त्यात आतल्या ओठांची रुंदी (तू जिला लांबी म्हणतेस ती, बाहेर किती येतात ते) ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत निघाली. मग २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ६५७ बायकांची मोजमापं आली, वय १५ ते ८४, तिथे पुढून मागे लांबी ५ मिलिमीटरपासून १०० मिलिमीटरपर्यंत. म्हणजे एकीचे वीसपट दुसरीचे आणि दोघी नॉर्मल. एक बाजू मोठी एक लहान हे तर इतकं सर्रास दिसतं की मी केसपेपरवर लिहीतसुद्धा नाही. रंगही वयात येताना आणि गरोदरपणात गडद होतो, हार्मोन्समुळे. मशेरी लावल्यासारखा काळा दिसतो म्हणून घाबरून आलेली एक मुलगी मला आठवते, तिला कोणीतरी गोरं करायचं क्रीम दिलं होतं आणि कातडी पार सोलवटून आली होती. ती क्रीमं फेका.

त्यामुळे "जास्त लांब" असा काही आजार नाही. त्रास मात्र खरा असू शकतो. घासतं, सोलतं, सायकलवर नाहीतर घोड्यावर बसताना चिमटतं, संबंधाच्या वेळी आत ओढलं जातं, लघवीची धार फाकते. हे सगळं खरं आहे आणि "मनाचे खेळ" म्हणून कोणी घालवून देत असेल तर दुसरा डॉक्टर बघावा. पण त्रास आहे म्हणजे तो लांबीमुळेच आहे असं होत नाही, बुरशी, पॅडची नाहीतर साबणाची ॲलर्जी, कातडीचे आजार, यातलं काहीही तस्संच चरचरतं. आधी हे बघायचं असतं, दिवा लावून, डोळ्यांनी. टॅबवर दिसत नाही.

उरलेलं रात्री लिहिते, लेबरमध्ये एक आहे.

पुणेरी_पॅडल | सोमवार, दुपारी ४.०५

कैरी, ऑपरेशनचं मला काही कळत नाही पण सायकलचं कळतं. सीटचं नाक वर आहे का तुझ्या? बहुतेक जणींचं असतं, दुकानदार तसंच बसवून देतो, मग सगळं वजन पुढच्या नाजूक भागावर. मधे खाच असलेली, बायकांच्या बसायच्या हाडांना पुरेल इतकी रुंद सीट घे, नाक सपाट नाहीतर अगदी किंचित खाली. आणि पॅडेड शॉर्ट घालतेस ना, मग आत पँटी घालायची नाही! हे मला दीड वर्ष कोणी सांगितलं नव्हतं, पँटीची शिवण बरोबर त्याच जागी बसते. राइडआधी कडेला घासतं तिथे व्हॅसलीनचा हात फिरवायचा, घरी आल्या आल्या शॉर्ट काढायची, त्याच घामट शॉर्टवर पोहे खात बसायचं नाही (मी बसायचे).

सायकलींचं शहर म्हणून आपण मिरवतो आणि बायकांना सीट कशी लावायची हे एक दुकानदार सांगत नाही.

कोथरूडची_कैरी | सोमवार, दुपारी ४.३०

पँटीचं माहीतच नव्हतं!! आणि हो, नाक वर आहे.

सिंहगड_रविवार | सोमवार, रात्री ९.१०

मी केलंय. तीन वर्षं झाली, समाधानी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं कारण त्रास हेच होतं. ट्रेकला उतरताना इतकं सोलायचं की रक्ताचा डाग पडायचा, आणि मला दोन गायनॅकनी वेगवेगळ्या वेळी तपासून इन्फेक्शन नाही, ॲलर्जी नाही असं सांगितलं होतं, सहा महिने सगळे उपाय करून झाले होते, मग प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी आरसा हातात दिला आणि म्हणाले, नक्की कुठे दुखतं तिथे बोट ठेवा. मग पेनने रेघ मारून दाखवली की एवढंच काढणार आणि एवढं ठेवणार. त्या रेघेमुळे माझा विश्वास बसला.

पाळी संपल्यावर लगेचची तारीख घेतली म्हणजे पुढची पाळी येईपर्यंत जखम जरा धरते. पाठीत इंजेक्शन देऊन केलं, तास-सव्वा तास, संध्याकाळी घरी. आम्ही जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ते जिने मी आयुष्यात विसरणार नाही, एकेक पायरी आडवी होऊन चढले. लंच ब्रेकवाल्यांना त्या जिन्यावर आणून उभं करायला पाहिजे.

पहिले चार दिवस सूज भयंकर. मला वाटलं काहीतरी चुकलं, फोन केला तर म्हणाले अशीच असते. फ्रीजरमधले मटार पातळ पंचात गुंडाळून दहा-दहा मिनिटं ठेवायचे, ते मटार नंतर कोणी खाल्ले नाहीत हे सांगायला नको. शू करताना बाटलीतून कोमट पाणी वरून सोडत राहायचं, मग आग होत नाही. पुसायचं नाही, टिपायचं. आणि पोट साफ राहिलं पाहिजे, जोर लावला की टाक्यांवर ताण येतो, म्हणून पपई, इसबगोल, भरपूर पाणी. टाके विरघळणारे होते, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जे खाजतं ते विचारू नका. आठवड्याने लॅपटॉपवर घरून काम सुरू केलं पण सलग तासभर बसवत नव्हतं. संबंध, सायकल, पोहणं, टॅम्पॉन, सगळं सहा आठवडे बंद, मी ट्रेक तीन महिन्यांनी सुरू केला. खरा आकार दिसायला सहा महिने गेले.

घरी गळू झालंय असं सांगितलं. सासूबाईंनी इतकी काळजी घेतली की मलाच ओशाळल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी अळिवाचे लाडू घेऊन आल्या. बायकांना खाली टाके पडले म्हणजे अळीव, एवढं त्यांचं गणित. बहुतेक त्यांना कळलं होतं.

अबोल_शेवंती | सोमवार, रात्री ११.५५

हे लिहू की नको असं दोन तास चाललंय.

मीपण केलं होतं, बाविसाव्या वर्षी, लग्नाच्या चार महिने आधी. त्रास काहीच नव्हता. होणाऱ्या नवऱ्याने नाही, कोणीच काही म्हटलं नव्हतं, मी व्हिडिओत बघितलं होतं की सगळ्यांचं सपाट असतं आणि माझं तसं नव्हतं एवढंच. ज्या ठिकाणी केलं तिथे (नाव लिहिणार नाही) मला एकदाही विचारलं नाही की बाई तुला का करायचंय. फॉर्मवर सही, ॲडव्हान्स, दुसऱ्या दिवशी टेबलावर.

एका बाजूचं जवळजवळ सगळंच काढलं. कड दातेरी झाली, तिथे एक गाठ राहिली ती आजही कपड्याला घासते. कोरडं पडतं. आधी जिथे स्पर्श कळायचा तिथे आता कधी बधिर तर कधी सुईसारखं टोचतं. परत दाखवायला गेले तेव्हा म्हणाले, दिसायला छान झालंय की. दुसऱ्या सर्जनने तपासून सांगितलं की थोडी डागडुजी होईल, पण मुळात मांस उरलंच नाहीये तर बांधायचं कशातून. नवरा चांगला आहे. त्याला नंतर सांगितलं तर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, मला कळलंही नसतं गं.

कैरीला घाबरवायचं नाहीये, तुझं कारण वेगळं आहे. पण "किती काढणार" यापेक्षा "किती ठेवणार" हे विचार.

चिंचगुळाची_आमटी | मंगळवार, रात्री १२.०४

शेवंती, लिहिलंस ते फार बरं केलंस.

टाकेवाली | मंगळवार, सकाळी ६.५०

मुलगा झाला, ३ किलो, दोघं मजेत. आता उरलेलं.

शेवंती, जे झालं त्याला वैद्यकीय भाषेत जास्त कापलं जाणं म्हणतात आणि या ऑपरेशनमधली दुरुस्त करायला सगळ्यात अवघड गोष्ट तीच. दुखऱ्या जागेसाठी, त्या टोचण्यासाठी उपाय असतात, नस दबलेली आहे का ते बघता येतं, कोरडेपणावरही औषध आहे, एकदा वल्वाचे आजार बघणाऱ्या कोणाला तरी दाखव, "आता काय होणार" म्हणून सोडू नकोस.

ऑपरेशनच्या दोन मुख्य तऱ्हा. शिवणकाम येणाऱ्यांना पटकन कळेल. पहिली, साडीचा काठ कापून टाकायचा आणि कड परत दुमडून शिवायची. सोपी, पण नैसर्गिक गडद कड जाते, शिवण अख्ख्या कडेवर येते, आणि हात जरा जास्त चालला की शेवंतीसारखं होतं. दुसरी, ब्लाउजला टक्स घेतो तसं, मधून पाचर काढायची आणि दोन बाजू जोडायच्या. कड आपली आपल्याला राहते, पण तिथे ताण जास्त, टाके सुटून खाच किंवा भोक पडायचा धोका. कुठली चांगली याला एकच उत्तर नाही, कातडी किती जाड, कुठे जास्त, यावर ठरतं, आणि सर्जनचा हात कशावर बसलाय त्यावरही. वरचं टोपण, म्हणजे शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा, तिचा विचार न करता फक्त खालचं कापलं तर नंतर वरचा भाग फुगल्यासारखा दिसतो आणि मग बाई दुसऱ्या ऑपरेशनला येते, असंही होतं.

बाकी धोके म्हणजे रक्त साचून गाठ होणं, इन्फेक्शन, टाके सुटणं, दोन्ही बाजू असमान होणं, संवेदना बदलणं, संबंधाच्या वेळी दुखणं. सिगरेट ओढणारीची जखम नीट भरत नाही, शुगर ताब्यात नसेल तर आधी ती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, आणि मनाने बंद करायच्या नाहीत.

लेझरचं. या ऑपरेशनमध्ये लेझर हे कापायचं हत्यार आहे, सुरी नाहीतर कात्री असते तसं, जखम ती जखमच आणि भरायला लागायचे ते आठवडे लागतातच. योनी "टाइट" करायची मशीनं तो वेगळाच धंदा, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता की या उपयोगासाठी आम्ही ही उपकरणं मंजूर केलेली नाहीत आणि भाजणं, व्रण पडणं, कायमचं दुखणं अशा तक्रारी आल्यात. पॅकेजमध्ये हे "सोबत फ्री" असेल तर फ्रीसुद्धा घेऊ नका.

कोण करतं? प्लास्टिक सर्जन, म्हणजे नावापुढे एमसीएच किंवा डीएनबी प्लास्टिक असलेले, आणि काही स्त्रीरोगतज्ज्ञ ज्यांनी याचं वेगळं शिक्षण घेतलंय. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" एवढंच लिहिलं असेल तर थांबा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येते, दोन मिनिटांचं काम. आणि बिनधास्त विचारा की तुम्ही स्वतः किती केल्यात, रात्री रक्त सुरू झालं तर फोन कोण उचलणार, माझे फोटो काढणार का आणि ते कुठे जाणार. फोटोची सही वेगळी असते, ऑपरेशनच्या सहीबरोबर गुपचूप घेतली जाते, ती नाकारता येते.

पेठेतली_पॉलिसी | मंगळवार, सकाळी ११.३०

मेडिकल का कॉस्मेटिक यावर विम्याचंही ठरतं, आणि तो माझा विषय म्हणून लिहिते. हेल्थ इन्शुरन्समध्ये कॉस्मेटिक सर्जरी हे आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ठरवून दिलेल्या स्टँडर्ड अपवादांमध्ये येतं, सगळ्या कंपन्यांची भाषा जवळपास एकच, दिसणं बदलण्यासाठीचे उपचार मिळत नाहीत, अपवादाला अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, नाहीतर तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका टाळण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं असेल तर. सायकलवर सोलतं हे "थेट आणि तातडीचा धोका" मध्ये बसवणं कठीण आहे, खोटी आशा देत नाही. तरी डॉक्टरांचं पत्र, आधीच्या उपचारांचे कागद असतील तर ऑपरेशनआधी मंजुरीला टाकून बघायचं, नंतर क्लेम टाकून भांडत बसायचं नाही. गळू म्हणून फाइल करा असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, ते सासूला सांगायला ठीक आहे, टीपीएला (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांना) नाही.

आणि उपचारांवर एरवी जीएसटी नसतो पण कॉस्मेटिक सर्जरीवर असतो, जन्मजात व्यंग किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर सूट. कोटेशन घेताना टॅक्स धरून आकडा विचारा, भूलतज्ज्ञाची फी धरून विचारा. मैत्रिणीला तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले आणि स्वस्तातलं कोटेशन शेवटी सगळ्यात महाग निघालं.

आजी_ऑनलाइन | मंगळवार, दुपारी १.४५

मुलींनो, तुम्ही इतक्या मोकळेपणी बोलताय हे वाचून आश्चर्य वाटलं आणि हेवाही. माझं वय ६३. मला रात्री खाज यायची, इतकी की झोपेत ओरबाडून रक्त यायचं. मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणायचे, कोणाला दाखवायची लाज, पाच-सहा वर्षं असं काढलं. शेवटी लेकीने बळेच नेलं. डॉक्टरबाईंनी आरशात दाखवलं तेव्हा मी चाट पडले. कातडी कागदासारखी पांढरी, आणि आतले ओठ नव्हतेच. चिकटून, आक्रसून सपाट झालेले. तुम्हाला जास्त आहेत म्हणून काढायचे आहेत, माझे न सांगता निघून गेले.

तुकडा तपासायला पाठवला, लायकेन स्क्लेरोसस म्हणून कातडीचा आजार निघाला. आता क्लोबेटासॉलचं मलम असतं, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, वाटाण्याएवढं, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण क्वचित यातून कॅन्सर होऊ शकतो. खाज गेली. गेलेलं परत आलं नाही. सत्यनारायणाला मांडी घालून बसता येतं हेच मला पुष्कळ.

टाकेवाली | मंगळवार, दुपारी २.१०

आजी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ओपीडीत लावावा असा आहे. पाळी गेल्यानंतर खाली सतत खाज, पांढरे चट्टे, भेगा, गाठ, न भरणारी जखम, यातलं काहीही असलं तर मेडिकलमधली ट्यूब बंद आणि तपासणी. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक सगळं एकत्र कालवलेलं असतं, दोन दिवस बरं वाटतं आणि रोग झाकला जातो. हा आजार तरुण बायकांत आणि अगदी लहान मुलींतही दिसतो. अशावेळी ओठांवर ऑपरेशन केलं तर ते खरंखुरं मेडिकल, चिकटलेलं सोडवायला, बार्थोलिनच्या (योनीच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीच्या) गळवाला वाट करून द्यायला, कॅन्सरचा भाग काढायला. पैशाची अडचण असेल तर ससूनची गायनॅक ओपीडी आहे, रांग लागते पण बघतात.

दोन_मुलींची_आई | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

घाईत विचारतेय. धाकटी १५ वर्षांची आहे, महिन्यापासून म्हणतेय माझं तिथे विचित्र आहे, ऑपरेशन करूया. मैत्रिणीच्या फोनवर काहीतरी बघितलंय. ओरडू का समजावू? तिला दुखत वगैरे काही नाही.

टाकेवाली | मंगळवार, संध्याकाळी ७.००

ओरडू नकोस, तिने तुला येऊन सांगितलं हीच मोठी गोष्ट. वयात येताना हा भाग वाढत असतो आणि दोन्ही बाजू एका वेगाने वाढत नाहीत, स्तनांचं होतं तसंच. इंग्लंडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मध्येच सांगितलंय की वाढ पूर्ण होईपर्यंत, १८ च्या आत, दिसण्यासाठी हे करू नये, अमेरिकेतल्या संघटनेचंही मत असंच, खूप मोठं व्यंग किंवा सततचा त्रास असेल तरच विचार, आणि मुलीच्या मनात आपल्या शरीराविषयी काही वेगळंच घोळतंय का तेही आधी बघायचं. व्हिडिओतल्या बायकांचं निवडलेलं, कधी कापलेलं, कधी कॉम्प्युटरवर सारखं केलेलं असतं हे तिला सरळ सांग. हवं तर बाई डॉक्टरकडे घेऊन जा, "नॉर्मल आहे" हे वाक्य आईपेक्षा पांढऱ्या कोटातून आलं की मुलींना पटतं, काय करणार.

ज्ञानेश्वरी_नव्हे | मंगळवार, रात्री १०.३०

अवांतर: आपल्याकडे या अवयवाला एकतर संस्कृत आहे नाहीतर शिवी, मधलं काहीच नाही. लघुभगोष्ठ म्हणताना माझी जीभ अडखळते आणि दुसरा शब्द आईसमोर काढता येत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये मराठीत या विषयांवर मासिक सुरू केलं, खटले अंगावर घेतले, १९५३ पर्यंत चालवलं, आणि त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण अजून "तिथे", "खाली" म्हणतोय. चालू द्या.

एक_नवरा | बुधवार, सकाळी ८.४०

पुरुष आहे, विचारू का? बायकोची नॉर्मल डिलिव्हरी झाली, टाके पडले होते, आठ महिन्यांनंतरही एका बाजूला कातडीचा लोंबता तुकडा आहे आणि तिथे दुखतं. हेही यातच येतं का?

टाकेवाली | बुधवार, सकाळी ८.५५

हा वेगळा विषय, बाळंतपणातली चीर नीट जुळली नाही तर असं राहतं आणि त्याची दुरुस्ती ही दुरुस्तीच, हौस नाही. दूध पाजत असेल तर कोरडेपणानेही दुखतं. जिथे डिलिव्हरी झाली तिथे किंवा दुसरीकडे दाखवा, बरोबर जा. इन्शुरन्सलाही हे नीट लिहून मागा.

कोथरूडची_कैरी | नऊ आठवड्यांनी, शनिवार

धागा वर काढतेय, विपूत इतक्या जणींनी विचारलं.

पाडव्याची ऑफर गेली, त्यांचे अजून मेसेज येतात, आता अक्षय तृतीयेची सुरू होती. मी टाकेवालीने सांगितलं तसं साध्या गायनॅककडे गेले. वीस मिनिटं तपासलं, आरसा दिला. लांबी बघून काहीच म्हणाल्या नाहीत, बोट ठेवलं ते कडेच्या लाल चट्ट्यावर आणि विचारलं, रोज पॅड लावता का? पॅड नाही, पँटी लायनर, सुवासिक, रोज, सायकलचा घाम म्हणून, वर्षभर. आणि वरून तिथे लावायचा तो वॉश. दोन्ही बंद करायला सांगितलं, नुसतं पाणी, एक मलम दोन आठवडे. तुळशीबागेत जाऊन पांढऱ्या सुती पँट्यांचा डझन आणला, आजींसारख्या, बेंबीपर्यंत. सीट बदलली, नाक खाली केलं, पॅडेड शॉर्टच्या आत काही नाही (पुणेरी पॅडल, तुला मस्तानी).

चरचर गेली. शू करताना काही नाही. जीन्स चालते. पण पानशेतला गेले तेव्हा परतीला उजवी बाजू चिमटलीच, सोललं नाही पण चिमटलं, म्हणजे थोडं लांबीचंही आहे. गायनॅक म्हणाल्या अजून तीन-चार महिने बघा, मग वाटलं तर सर्जनचं नाव देते, घाई कसलीच नाही. सिंहगड, तुझ्या सर्जनसारखी पेनची रेघ मारायला लावणार आहे आधी. शेवंतीचा प्रश्न कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलाय, सगळ्यात वर.

काल पार्लरला गेले होते. तीच मुलगी, परत विषय काढला, मॅडम मग काय ठरवलंत? म्हटलं आयब्रोज कर, आणि डावी-उजवी सारखी कर म्हणजे झालं.

अबोल_शेवंती | शनिवार, रात्री

ती तरी कुठे सारखी करतात गं.